घरी बांधलेल्या कॅम्पिंग ट्रेलरसाठी १२ व्होल्टची वायर कोणती घ्यावी आणि रंग कसे ठरवावेत?

मिशिगनचा_सुतार

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये राहतो आणि ४ फूट बाय ८ फुटांच्या तयार सांगाड्यावर दोघांना झोपता येईल एवढा छोटा ट्रेलर बांधतो आहे. लाकूडकाम उरकत आले असून आतले पॅनेल बंद करण्यापूर्वी वायरिंग टाकायचे आहे. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुढच्या पेटीत राहील. एलईडी दिवे, छताचा पंखा, दोन यूएसबी सॉकेट आणि मागच्या स्वयंपाकाच्या कप्प्यातला, चालू असताना साधारण ५ अँपिअर घेणारा फ्रिज, एवढाच भार आहे. मुक्कामाच्या जागी १२० व्होल्टची वीज मिळाली, तर चार्जरपुरती ती आत घेण्याची सोयही हवी आहे.

घरात १६ गेजच्या लाल-काळ्या स्पीकर वायरचे रीळ पडून आहे. तेच सगळीकडे वापरले तर चालेल का? दुसरी अडचण रंगांची. गाडीला जोडायच्या सात पिनांच्या केबलमध्ये काळी तार गाडीकडून येणाऱ्या १२ व्होल्टची आहे, इथल्या १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी फेजची असते, बॅटरीच्या बाजूला काळी म्हणजे निगेटिव्ह, आणि भारतातल्या आमच्या जुन्या घरात काळी न्यूट्रल होती. पांढऱ्या रंगाचीही थोडीफार हीच गत आहे. हे सगळे एका ट्रेलरमध्ये कसे नांदवायचे?

वायरमन_नाशिक

स्पीकर वायर बाजूला ठेवा. स्वस्तातली बरीच स्पीकर वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. एक धागा खरवडल्यावर आत रुपेरी दिसला, तर ती तीच. तिचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो आणि क्रिंप केलेल्या, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या लगमध्ये ती कालांतराने सैल पडते.

वायर अस्सल तांब्याची निघाली, तरी फ्रिजसाठी १६ गेज अपुरी आहे (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक). बॅटरीपासून मागच्या कप्प्यापर्यंत कडेकडेने वायर १२ फूट धरली, तर करंट जाऊन परत येतो म्हणून हिशेब २४ फुटांचा करावा लागतो. १६ गेजचा रोध १००० फुटांना सुमारे ४ ओहम असतो, म्हणजे ५ अँपिअरवर जवळजवळ अर्धा व्होल्ट, ४ टक्के, वाटेतच जातो. १२ गेजमध्ये हीच घट ०.१९ व्होल्ट आणि १० गेजमध्ये ०.१२ व्होल्ट होते. महत्त्वाच्या उपकरणासाठी ३ टक्क्यांची मर्यादा धरतात, त्यामुळे १२ गेज कागदावर पुरते. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, जोडांचीही थोडी घट असते, आणि पॅनेल एकदा बंद झाले की वायर बदलणे म्हणजे सुतारकाम पुन्हा उघडणे. मी फ्रिजला १० गेजच टाकीन. पंख्याला आणि यूएसबीला १४, दिव्यांना १६ पुष्कळ झाली.

आमच्याकडे वायर स्क्वेअर एमएमवर मिळते. तुमची १० गेज साधारण सव्वापाच आणि १६ गेज १.३ स्क्वेअर एमएमची. तिथे वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानातली वायर एसएई गेजची (वाहनांसाठीच्या मापाची) असू शकते आणि ती त्याच आकड्याच्या एडब्ल्यूजी (अमेरिकेतले नेहमीचे वायरचे माप) वायरपेक्षा थोडी बारीक असते, म्हणून रिळावरचा मजकूर वाचूनच घ्या. घरातली एकेरी, कडक तारेची वायर मात्र चालत्या ट्रेलरमध्ये नकोच. हादऱ्यांनी ती जोडापाशी तुटते.

फ्यूज उपकरणासाठी नव्हे, वायरीसाठी असतो. १६ गेजला जास्तीत जास्त १०, १४ ला १५, १२ ला २० आणि १० गेजला ३० अँपिअर. फ्रिजची वायर केवळ घट टाळण्यासाठी जाड घेतली असल्याने तिला १५ चा फ्यूज पुरेल. मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी लागून हवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर करंट इतका उसळतो की साधा पातीचा फ्यूज तो तोडू शकेलच असे नाही. तिथे क्लास टी प्रकारचा फ्यूज घ्यावा.

होडीवाला_सिॲटल

गेजबद्दल वर आले आहे, म्हणून फक्त रंगांबद्दल लिहितो. सात पिनांच्या केबलचे रंग बदलू नका: तपकिरी मागच्या दिव्यांना, पिवळी डाव्या वळणाला आणि ब्रेकच्या दिव्याला, हिरवी उजव्या बाजूला, निळी इलेक्ट्रिक ब्रेकला, पांढरी अर्थला आणि काळी १२ व्होल्टला. काही उत्पादकांचे रंग वेगळे असतात, तेव्हा रंगावर न जाता प्रत्येक पिन मीटरने तपासा. ही केबल ट्रेलरच्या दांड्यावरच्या जंक्शन बॉक्समध्ये संपवा आणि काळी तार तिथेच लाल वायरीला जोडा, म्हणजे १२ व्होल्टची काळी तार आत येणारच नाही.

१२० व्होल्टची काळी, पांढरी आणि हिरवी तार स्वतंत्र आवरणाच्या केबलमध्ये, स्वतंत्र मार्गाने न्या. १२ व्होल्टच्या वायरींबरोबर एका बॉक्समध्ये ती कधीही आणू नका. आत पॉझिटिव्ह लाल आणि निगेटिव्ह पिवळी ठेवा. अमेरिकन बोट अँड याट कौन्सिलच्या नियमांत निगेटिव्हसाठी पिवळा रंग सुचवला आहे, तो १२० व्होल्टच्या काळ्या तारेशी घोटाळा होऊ नये म्हणूनच. लाल-पिवळ्या जोडीची, कल्हई केलेल्या तांब्याची केबल होड्यांच्या सामानाच्या दुकानात तयार मिळते. महाग असते, पण दमट हवेत टिकते.

जर्सीकर

पण मग पिवळ्याचे काय? ती डाव्या वळणाची तार आहे ना? मी सरळ लाल-काळी वापरून दोन्ही टोकांना क्रमांक लावावेत या मताचा आहे.

होडीवाला_सिॲटल

आक्षेप बरोबर आहे. परंतु पिवळ्याची गल्लत झाली, तर फार तर फ्यूज उडेल किंवा भलता दिवा लागेल; काळ्याची गल्लत झाली, तर निगेटिव्ह समजून कोणी १२० व्होल्टला हात लावेल. एखादा रंग दोनदा येणारच असेल, तर तो जिथे चुकल्यास जिवावर बेतणार नाही तिथे यावा. शिवाय वळणाची पिवळी तार ट्रेलरच्या तळाखालून, सांगाड्याच्या कडेने जाते आणि आत येतच नाही. क्रमांक लावण्याबाबत मात्र आपण पूर्ण सहमत आहोत.

मिशिगनचा_सुतार

सर्वांचे आभार. लाल-पिवळी जोडी नक्की करतो. एक शंका उरली: सगळी पॉझिटिव्ह लाल ठेवायची, की प्रत्येक सर्किटला वेगळा रंग द्यायचा? आणि निगेटिव्ह जवळच्या लोखंडी सांगाड्यालाच जोडली तर निम्मी वायर वाचेल का?

वायरमन_नाशिक

चार-पाच सर्किटांसाठी वेगळे रंग नकोत; प्रत्येक रंगाचे वेगळे रीळ घ्यावे लागेल आणि दुरुस्तीच्या वेळी तोच रंग हाताशी असेलच असे नाही. सगळी लाल ठेवा, दोन्ही टोकांना क्रमांक लावा आणि तेच क्रमांक फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतून लिहा. वायर वाचवण्यासाठी सांगाडा वापरू नका: गंज चढला की तो जोड पहिला दगा देतो, आणि तुमच्या लाकडी पेटीत सांगाडा तसाही दूरच आहे. प्रत्येक उपकरणाची पिवळी वायर बॅटरीजवळच्या बस बारपर्यंत (अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीपर्यंत) परत आणा आणि मागच्या दिव्यांनाही केबलमधली पांढरी तार थेट न्या. पॅनेल ठोकण्यापूर्वी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढे स्क्रू मारताना वायर कुठून गेली आहे ते कळेल.