अतिदक्षता विभागात सहा दिवस शौच नाही, काळजी करावी का?

प्रश्न (खानापूर):
न्यूमोनियामुळे माझे वडील बेळगावच्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. सहा दिवस त्यांना शौचास झालेले नाही. पोट नगाऱ्यासारखे ताणले आहे आणि नळीतून दिलेले अन्न पोटात टिकत नाही. हे गंभीर आहे का?

उत्तर (निपाणी, परिचारिका):
दादा, याकडे दुर्लक्ष करू नका. अतिदक्षता विभागात साधारणपणे ३ दिवस शौच न झाल्यास आम्ही बद्धकोष्ठ धरतो. फेंटानिल, मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, त्यात सतत पडून राहण्याची भर पडते. फुगलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते आणि त्यामुळे व्हेंटिलेटर काढणे लांबू शकते. रुग्ण बेचैन, भ्रमिष्टही होऊ शकतो. ड्यूटीवर आले की मी तक्त्यातला शौचाचा रकाना आधी पाहते, कारण बहुधा तोच कोरा असतो.

उत्तर (बेळगाव):
ताईंचे म्हणणे योग्य आहे. मात्र आतड्यात अडथळा नाही, याची डॉक्टरांनी खात्री केल्यावरच लॅक्टुलोज (शौच मऊ करणारे औषध) किंवा एनिमा द्यावा. घरून एरंडेल नेऊन नळीतून देण्याचा आग्रह कृपया धरू नका.

प्रश्नकर्ता:
आज राउंडच्या वेळी विचारले. डॉक्टरांनी तपासून एनिमा दिला. संध्याकाळी बाबांच्या पोटावर हात ठेवला, तेव्हा ते मऊ लागले. आपणा दोघांचे मनापासून आभार.