राहिलेल्या पेट्या कुठल्या गावच्या? निकालाच्या रात्रीचे अनुभव

पाटीपेन्सिल
घर बदलतेय. काल खोक्यात जुनी वाणसामानाची वही सापडली आणि सगळी आवराआवर सोडून तासभर तीच वाचत बसले. तांदूळ, दूध, तूरडाळ, आणि मधल्या चार पानांवर पेन्सिलीने अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, नावं. 6 मे 2008, हिलरी क्लिंटन आणि ओबामांची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदानाची फेरी.

तिथल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकत होते तेव्हा. घरात आम्ही चौघी, मताचा हक्क एकीलाही नाही. नॉर्थ कॅरोलायना ओबामांनी संध्याकाळीच घेतलं होतं. इंडियानात क्लिंटन पुढे, पण आघाडी आटत चाललेली. आणि लेक काउंटी गप्प! मिशिगन सरोवराकाठचा, शिकागोला चिकटलेला कोपरा, गॅरी-हॅमंड तिकडचे. त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे, म्हणून आधी वाटलं तेवढाच उशीर असेल. नऊ वाजले, दहा वाजले, काही नाही. गॅरीचे महापौर ओबामांच्या बाजूचे, हॅमंडचे क्लिंटनच्या, आणि टीव्हीवर दोघांची जुंपलेली.

अकराला अण्णांचा फोन. साताऱ्यात सकाळचे साडेआठ. अण्णा शिक्षक, जन्मभर मतमोजणीच्या ड्यूट्या केलेले. म्हणाले, "किती टक्के झाली ते सोड गं. राहिलेल्या पेट्या कुठल्या गावच्या ते सांग." मी गॅरीचं सांगितलं, पोलादाच्या कारखान्यांचं गाव, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय. "मग चहा टाक, अजून संपलं नाही." खरंच गॅरीचे आकडे आले आणि फरक भराभर उतरला. एक वाजून गेल्यावर क्लिंटन जिंकल्याचं जाहीर झालं. साडेबारा लाखांवर मतं, फरक चौदा हजारांच्या आसपास.

अण्णा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. कुणी अशा रात्री जागलंय का? लिहा.

हुरडापार्टी
मी तेव्हा इंडियानातच, ब्लूमिंग्टनला होतो!! दुसऱ्या दिवशी परीक्षा आणि आम्ही लेक काउंटीचं पान रिफ्रेश करतोय. पेपर बरा गेला, देवाची कृपा.

कोकमसरबत
आयोवा 2012, रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी फेरी. आठ मतं. आठ!! पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा खाताना कळलं, रॉम्नी आठ मतांनी पुढे. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतही याहून जास्त फरक असतो. मग दोनेक आठवड्यांनी तपासलेले आकडे आले, त्यात सँटोरम 34 ने पुढे, आणि आठ ठिकाणचे कागद सापडलेच नाहीत. तोवर पुढची न्यू हॅम्पशायरची फेरीही होऊन गेली होती. सँटोरमचं मला आजही वाईट वाटतं. जिंकलेल्या रात्री माणसाला जिंकल्याचं कळायला हवं.

रानजाई
@कोकमसरबत ते कॉकस ना? प्रायमरी वेगळी ना?

कोकमसरबत
हो ताई. कॉकस म्हणजे शाळेत, चर्चमध्ये, हॉलमध्ये संध्याकाळी सभा भरते, पक्षच घेतो. प्रायमरीत नेहमीसारखं दिवसभर मतदान. बाकी संध्याकाळी सांगतो, मीटिंग आहे.

ज्वारीची_भाकरी
कॅन्ससचं लिहिते, पोळ्या करता करता. ऑगस्ट 2018, गव्हर्नरसाठी रिपब्लिकन प्रायमरी, कोबाक विरुद्ध कोलियर. आम्ही जॉन्सन काउंटीत राहतो. आमच्याकडेच मतदानाची नवी यंत्रं आणि आमच्याचमुळे अख्खं राज्य ताटकळलेलं. शेजारच्या आजी कोलियरच्या. त्यांना एकटीला झोप येईना म्हणून मी उपमा घेऊन गेले. सकाळी फरक 191, मतं तीन लाखांवर!

पुढे तर कमालच. थॉमस काउंटीत कोलियरना 522 मतं होती, राज्याच्या यादीत पडली 422. हाताने लिहिलेला आकडा वाचताना चूक. एका फटक्यात शंभर मतांचा फरक! आजींनी मला हाक मारून कागदावर पाच आणि चार काढून दाखवले. शेवटी कोबाक 343 ने जिंकले, नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत हरले. राज्यात निवडणुकांचं खातं कोबाक यांच्याकडेच होतं, आपल्या मोजणीतून ते नंतर बाजूला झाले. ते पहिल्या दिवसापासून व्हायला हवं होतं, माझं ठाम मत.

हुरडापार्टी
म्हणून आपल्याकडे आकडा अक्षरातही लिहितात.

गोरेगाववाला
रात्र नाही, दिवस, पण लिहितोच. 4 जून 2024, लोकसभेचा निकाल, आमचा मुंबई उत्तर पश्चिम. वायकर 48 मतांनी आले, कीर्तिकर पडले. साडेनऊ लाखांच्या आसपास मतं आणि 48! आमच्या मजल्यावर तेवढी माणसं राहतात. आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, ती म्हणे थांब रे, एवढी फेरी होऊ दे. त्या मे महिन्यात उकाड्यामुळे मत द्यायला न गेलेले आमच्या इमारतीतलेच पाच जण मला माहीत आहेत.

रानजाई
@गोरेगाववाला आई कशा आहेत आता? गुडघ्याचंच का?

गोरेगाववाला
हो गुडघाच. बऱ्या आहेत, जिना उतरतात.

तांब्याभांडं
पाटीपेन्सिल, तुमच्या अण्णांचं वाचून डोळे भरले. माझे वडीलही मास्तर, मतपत्रिकांच्या काळातले. मोजणी करून पहाटे घरी यायचे. बोटांना शाई आणि गोंदाचा वास. आई आधी गरम पाणी द्यायची, मग विचारायची कोण आलं. ते म्हणायचे, "तालुक्याचं आलं, फेरमोजणी बाकी आहे." कोणाला मत दिलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही, आईलाही नाही.

पाटीपेन्सिल
@तांब्याभांडं अण्णांनीही कधी सांगितलं नाही.

हुरडापार्टी
वहीत लेक काउंटीपुढे काय लिहिलंय?

पाटीपेन्सिल
तीन आकडे, तिन्ही खोडलेले. चौथा माझ्या रूममेटच्या अक्षरात आहे, मी तोवर चहा करायला उठले होते.

ज्वारीची_भाकरी
2016 चं मिसूरी राहिलंच! डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत क्लिंटन-सँडर्स, दीड हजारांचा फरक, आणि त्याच रात्री रिपब्लिकनांच्या प्रायमरीत ट्रम्प-क्रूझही दोन हजारांच्या आत. भाऊ सेंट लुईसला होता, त्याने रात्रभर... थांबा, कुकर झाला, येते.