कुत्र्याचे अन्न घरी शिजवावे की पाकिटातले द्यावे?

गोदाकाठ (गंगापूर रोड)

माझे मत आधीच सांगते. पाळलेल्या कुत्र्याचे अन्न घरी शिजावे, पण ते आपल्या जेवणातले उरलेले नसावे. त्याचे पातेले वेगळे असावे. आमच्या सोसायटीत सध्या दोनच पक्ष दिसतात. एकाला दुकानातल्या पाकिटाखेरीज कुत्र्याला काहीही देणे अडाणीपणाचे वाटते, आणि दुसऱ्याच्या मते रात्रीची पोळी आमटीत कुस्करून घातली की कुत्र्याचे भागते. मला दोन्ही मान्य नाही, आणि त्यातला दुसरा पक्ष का चुकतो हे मी फार मोठी किंमत मोजून शिकले आहे.

आमची चिंगी गावठी आहे, वजन १६ किलो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात घरी पाहुण्यांचा राबता होता आणि आठवडाभर रोज उरलेल्या रस्सा भाजीत पोळी कुस्करून मी तिला वाढत होते. ती आवडीने खायची, म्हणून माझाही हात सढळ होत गेला. मग एके दिवशी तिने जिना चढायचे सोडले. हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. डॉक्टरांनी तिच्या हिरड्या पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, की हिच्या खाण्यात कांदा आहे का. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने किंवा वाळवल्याने ती द्रव्ये नाहीशी होत नाहीत, आणि लसूण तर त्याच कुळातला, वजनाला वजन धरले तर कांद्याहून तीव्र, हे मला त्या दिवशी कळले. कुत्र्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास व्हायला पुरतो, आणि तो एकदम पोटात जावा लागतो असेही नाही. रोज थोडा थोडा गेला तरी परिणाम साठत जातो. ज्या जिल्ह्यात लासलगावची बाजारपेठ आहे, तिथे कांद्याच्या वाटणाशिवाय रस्सा होतो कुठे? चिंगी वाचली, पण तिला पूर्ण बरे व्हायला महिना लागला, आणि तो महिना मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी सकाळीच तिच्यासाठी तांदूळ, मुगाची डाळ, कोंबडीचे मांस किंवा उकडलेले अंडे, लाल भोपळा आणि गाजर असे एकत्र शिजवते. त्यात मीठ, तिखट, फोडणी काहीही नसते. पाकिटातल्या कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश साधारण १० टक्केच असतो. नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला टेकतो तेव्हा असे कोरडे खाणे मला योग्य वाटत नाही. शिवाय त्यात नेमके काय दळून घातले आहे, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसत नाही. इतरांनी आपला अनुभव आणि विरोध, दोन्ही मोकळेपणाने मांडावेत.

सिडकोचा रहिवासी

ताई, चिंगीबद्दल वाचून वाईट वाटले, परंतु तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. तिला झालेली बाधा तुमच्याच स्वयंपाकघरातून झाली, पाकिटातून नव्हे. घरचे अन्न हाताच्या अंदाजाने बनते, आणि अंदाज चुकला तर तो आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही, याचे उदाहरण तुम्हीच दिले आहे.

मी अंबडच्या कारखान्यात पाळीवर असतो आणि पत्नीही नोकरी करते. सकाळी सहाला घर सोडताना कुत्र्यासाठी वेगळे पातेले चढवणे आम्हाला शक्य नाही. आमचा लॅब्रॅडॉर ३० किलोचा आहे. या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये भुकेशी संबंधित जनुकातच दोष आढळतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. पोट भरल्याची जाणीव त्यांना लवकर होत नाही. अशा कुत्र्याला भात किती आणि मांस किती हे डोळ्यांनी ठरवले, तर वर्षभरात तो पिंपासारखा होतो आणि मग मागच्या पायांचे सांधे दुखू लागतात. मी खाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून सकाळी आणि रात्री असे दोनदा देतो, आणि दर महिन्याला त्याचे वजन करतो. पाण्याची तुमची अडचण खरी आहे, पण त्यावरचा उपाय साधा आहे: खाद्य वाढण्याआधी त्यात कोमट पाणी घालून दहा मिनिटे ठेवावे आणि घरात दोन ठिकाणी पाण्याची भांडी भरून ठेवावीत.

मखमलाबादचा शेतकरी

दोन्ही बाजू वाचल्या आणि मला हा सगळा शहरी प्रश्न वाटला. आमच्या मळ्यावर माझ्या आजोबांपासून कुत्री आहेत. बाजरीची भाकरी ताकात कालवून घालतो, कधी घरात मटण झाले तर त्यातले थोडे जाते. यातली दोन कुत्री बारा वर्षांहून जास्त जगली. रात्री बिबट्याची चाहूल लागली की तीच आम्हाला उठवतात. त्यांना कोणी काट्यावर मोजून खायला घातले नव्हते.

आणखी एक गोष्ट. आजकाल जो तो सांगतो की द्राक्ष हे कुत्र्याला विष आहे. आमची कुत्री बागेतच झोपतात, जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत बागेत मणी पडलेले असतात, आणि ती ते खातानाही मी पाहिले आहे. मला तरी त्यात काही वावगे दिसलेले नाही.

पशुवैद्यक, नाशिकरोड

वरच्या तिन्ही मतांपैकी एकही मला पूर्णपणे मान्य नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी द्राक्षांबद्दल, कारण नाशिकमध्ये हा विषय टाळता येत नाही. शेतकरी दादांचे निरीक्षण खोटे नाही. काही कुत्री द्राक्षे खाऊन ठणठणीत राहतात. परंतु काही कुत्र्यांना थोडीच द्राक्षे खाऊन २४ तासांच्या आत उलट्या सुरू होतात आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात, आणि कोणते कुत्रे कोणत्या गटात मोडेल हे आधी सांगण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नाही. द्राक्षांतले टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, हा तर्क २०२१ पासून बळकट झाला आहे. या आम्लाचे प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पक्वतेप्रमाणे बदलते, म्हणून एका बागेतला अनुभव दुसऱ्या बागेला लागू होत नाही. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असते आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी आहेत; तेव्हा चिंच-गुळाची आमटीसुद्धा कुत्र्याच्या ताटात नको. शिऱ्यातले बेदाणे तर द्राक्षांपेक्षा वाईट, कारण पाणी उडून गेल्याने आम्ल एकवटलेले असते. कुत्र्याने द्राक्षे खाल्ल्याचे लक्षात आले तर लक्षणांची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत दवाखाना गाठावा. तेवढ्या वेळात उलटी करवून बरेच काही वाचवता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये, त्यातून वेगळीच बाधा होते.

आता गोदाकाठ ताईंच्या पातेल्याकडे वळतो. कांदा वगळला हे उत्तम झाले, पण या पातेल्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असते. भात-डाळीनेही ती उणीव भरून निघत नाही. शरीर मग ही तूट स्वतःच्या हाडांमधून भरून काढते. मोठ्या कुत्र्यात हे वर्षानुवर्षे दिसत नाही, मात्र नुसत्या मांस-भातावर वाढवलेले तीन-चार महिन्यांचे पिल्लू पाय वाकडे होऊन माझ्यासमोर येते आणि मालक सांगतात की आम्ही तर त्याला रोज चिकन घालत होतो. दर १००० कॅलरींमागे मोठ्या कुत्र्याला किमान सव्वा ग्रॅम आणि वाढत्या पिल्लाला सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम लागते. चिंगीचे वजन आणि वय पाहता तिला दिवसाला साधारण ९०० कॅलरी पुरतात. म्हणजे अंड्याचे कवच उकळून, वाळवून, बारीक दळून केलेली पूड रोज अर्धा चमचा घातली तरी तिची गरज भागते. पिल्लांना मात्र असे अंदाजाने देऊ नये, विशेषतः मोठ्या जातींच्या पिल्लांना, कारण त्यांच्या हाडांना अधिक कॅल्शियमही तितकेच बाधते. पिल्लू वाढवताना चांगल्या प्रतीचे, वयानुसार बनवलेले तयार खाद्य मी स्वतः सुचवतो. हा माझा सिडकोच्या रहिवाशांना पाठिंबा समजावा.

त्यांनाही एक सांगणे आहे. मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून पावसाळ्यात दीड-दोन महिने उघडी ठेवू नका. दमट हवेत खाद्याला बुरशी धरते आणि तिचे विष यकृतावर जाते. शिळ्या, बुरशी आलेल्या भाकरीलाही हेच लागू आहे; जे आपण ताटातून बाजूला काढतो ते कुत्र्याला चालते, ही समजूत सोडायला हवी.

पंचवटीतील रहिवासी

आमच्या घरात मांसच काय, अंडेही शिजत नाही. मुलीच्या हट्टापायी आम्ही पाच महिन्यांपूर्वी एक गावठी पिल्लू घरात घेतले आणि ते दूध-पोळीवर आहे. दुधाने त्याचे पोट सतत बिघडते. आमच्यासारख्यांनी कुत्रा पाळूच नये का?

सिडकोचा रहिवासी

माझे मत कठोर वाटेल, पण मांडतो. ज्या प्राण्याला मांस हवे असते तो प्राणी शाकाहारी घरात आणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आपली श्रद्धा आपण पाळावी. पिल्लाने ती निवडलेली नाही.

गोदाकाठ (गंगापूर रोड)

येथे मी तुमच्याशी असहमत आहे. कुत्रा हा मांजरासारखा केवळ मांसावर जगणारा प्राणी नाही. माणसाच्या सहवासात राहून त्याची पिष्टमय पदार्थ पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढली आहे. त्यामागचे जनुकीय कारणही २०१३ मध्ये दाखवून दिले गेले. शाकाहारी घरातले पिल्लू रस्त्यावर गाड्यांखाली सापडण्यापेक्षा त्या घरात नक्कीच सुखी आहे. अन्याय शाकाहाराचा नाही, दूध-पोळी हेच पूर्ण अन्न आहे असे समजण्याचा आहे.

पंचवटीच्या ताई, दूध बंद करा. बहुतेक कुत्र्यांना आईचे दूध सुटल्यावर दुधातली साखर पचेनाशी होते. ताजे दही किंवा ताक त्यामानाने सोसते. मूग-मसुराची डाळ, पनीर, सोयाबीन यांतून प्रथिने देता येतील, पण तुमचे पिल्लू अजून वाढीच्या वयात आहे, म्हणून डॉक्टरसाहेबांनी सांगितलेली कॅल्शियमची गोष्ट माझ्या चिंगीपेक्षा तुमच्या पिल्लाला अधिक लागू पडते. वर्षाचे होईपर्यंत त्याला तयार खाद्य द्यावे, असे मी स्वतःच्या मताविरुद्ध जाऊन सांगते. ते कोरडे दाणे घरात शिजवावे लागत नाहीत, ताटली गच्चीत किंवा गॅलरीत ठेवता येते. घरातल्या ज्येष्ठांशी एवढे बोलून पाहावे.

डॉक्टरसाहेब, कवचाच्या पुडीबद्दल मी तुमची ऋणी आहे. दोन वर्षे मी अभिमानाने ते पातेले शिजवत होते आणि त्यात एवढी मोठी उणीव होती, हे वाचून मन अस्वस्थ झाले. चिंगीची रक्ततपासणी या आठवड्यात करून घेते. तरीही माझी मूळ भूमिका मी मागे घेत नाही. प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठी नीट आखलेले घरचे अन्न हेच मला श्रेष्ठ वाटते, फक्त "नीट आखलेले" हा शब्द मी आधी गाळला होता.

पंचवटीतील रहिवासी

दूध आजपासून बंद केले. सासूबाईंशी बोलले, मांस असलेल्या खाद्याचे पाकीट घरात ठेवायला त्यांचा नकार आहे, पण ते जिन्याखालच्या लोखंडी पेटीत ठेवण्यास त्यांनी मान्यता दिली आहे. ताटली मुलगी अंगणातल्या नळावर धुणार आहे. शनिवारी पिल्लाला दवाखान्यात नेऊन वजन आणि राहिलेली लस, दोन्ही एकदमच करून घेते. जुने खाणे एकदम तोडावे का?

पशुवैद्यक, नाशिकरोड

एकदम तोडू नये. आठ-दहा दिवस दोन्ही मिसळून द्यावे आणि नव्याचे प्रमाण रोज थोडे वाढवावे, नाहीतर जुलाब होतील आणि दोष नव्या खाद्याला जाईल. लसीबद्दल दवाखान्यात रेबीजची वेगळी चौकशी करा. तिचा पहिला डोस तीन महिन्यांच्या वयाला द्यायचा असतो, आणि तुमच्या पिल्लाचे ते वय उलटून गेले आहे.

मखमलाबादचा शेतकरी

भाकरी आणि ताकाबाबत माझे मत कायम आहे, आणि मळ्यावर दिवसभर धावणाऱ्या कुत्र्याची तुलना गॅलरीत बसणाऱ्या कुत्र्याशी करू नये असे मला अजूनही वाटते. बुरशीची भाकरी मात्र आमच्याकडेही जाते, ती यापुढे खताच्या खड्ड्यात जाईल.

द्राक्षांबद्दल डॉक्टरांचे म्हणणे रात्री घरात वाचून दाखवले. तेव्हा थोरल्या भावाने आठवण करून दिली, की सहा-सात वर्षांपूर्वी ऐन काढणीत आमची एक तरुण कुत्री दोन दिवस ओकली, पाणीही पोटात ठरेना, आणि तिसऱ्या दिवशी गेली. आम्ही तेव्हा साप चावला असे समजून तिला बांधावर पुरले. ते द्राक्षांमुळेच झाले असे मी आज म्हणू शकत नाही, पण नव्हते असेही आता छातीठोकपणे म्हणवत नाही. काढणीच्या दिवसांत कात्रीने काढलेले मणी शेडच्या मागे ढिगाने पडतात. या हंगामात तो ढीग रोजच्या रोज उचलायचा आणि पॅकिंग चालू असेपर्यंत कुत्री विहिरीकडच्या बाजूला बांधायची, असे आम्ही ठरवले आहे.