डेमो मधोमध उभं राहून ऐकू नका

कार्यक्रमासाठी साउंड सिस्टीम बुक करण्याआधी डेमो ऐकून "बेस (खालचा, जाड आवाज) छातीत बसला म्हणजे सिस्टीम दमदार" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. डेमोत आपल्याला बरोब्बर मधोमध उभं करतात, तिथे तो बसणारच. नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर ऐकलं तेव्हा मधे किकच्या (मोठ्या ड्रमच्या) प्रत्येक ठोक्याला शर्टाची बाही थरथरत होती. चार-पाच पावलं बाजूला सरकलो, तर तोच ठोका पार पोकळ! कारण सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, स्टेजच्या दोन टोकांना होते. बेसमधली ६० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास ५.७ मीटर लांब असते. एका बाजूच्या सबपासूनचं आपलं अंतर दुसऱ्यापेक्षा तिच्या निम्म्यानं वाढलं की दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. ऑपरेटर भाऊंनी सगळे सब स्टेजपुढे मधोमध एकत्र लावले आणि तो खड्डा गेला. किती फरक पडला, खरंच ऐकण्यासारखा होता.

आणि हॉलमधल्या डेमोवरून मैदानासाठी बुकिंग करू नका. भिंती बेसला आधार देतात, कस्तुरचंद पार्कसारख्या मोकळ्या जागी तो मिळत नाही. तिथे सबची संख्या वाढवावीच लागते.