११० ने पळवल्यावर ॲव्हरेज वाढतं म्हणे?

अमळनेरचा_भाऊ: काल एकाने इथंच ठोकून दिलं, 'जळगाव-धुळे रस्ता आता चांगला झालाय, ११० च्या खाली चालवूच नका, पाचव्या गियरला इंजिन मोकळं होतं आणि ॲव्हरेज वाढतं'. भो, अर्धं खरं सांगून पोरांना पळवायला लावू नका. पाचव्या गियरला ॲव्हरेज मिळतं, पण ६० ते ८० मध्ये. पुढे हवा आडवी येते आणि तो अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १२० केले की सव्वादोन पट. पारोळ्याच्या पुढे सरळ पट्ट्यात ८० वर धरून ठेवली की माझ्या स्क्रीनवर २१ दिसतात, ११० ला नेली की आकडा उतरत उतरत १६ वर येतो. एवढं करून धुळ्यापर्यंत वाचतात फार तर वीस मिनिटं.

धुळेकर७: स्क्रीनवर जाऊ नका, टाकी फुल टू फुल मोजा. मी सुरतला १०० ने जातो, १८ पडतो. गावात ३०-४० ने ११. हळू चालवून वाचलं कुठं मग?

अमळनेरचा_भाऊ: गावातले ११ क्लच, ब्रेक आणि दुसऱ्या गियरने खाल्ले. उभ्या गाडीत पण पेट्रोल जळतंच ना? तोच सुरतचा रस्ता ८० ने करून बघ आणि मग बोल.

रावेरची_केळी: मे महिन्यात भुसावळला ४५ असतं, एसीशिवाय बसवत नाही, आणि हळू गेलं की एसी तेवढाच जास्त वेळ चालतो, हे कोणीच धरत नाही.

अमळनेरचा_भाऊ: हा मुद्दा बरोबर. म्हणून तर ४० ने चला म्हटलं नाही.

चोपडा_एक्सप्रेस: वेगाचं सोडा हो, ॲव्हरेज खाल्लं ते ई२० ने. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा, २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के तिथंच गेले, आणि माझी गाडी २०२३ च्या आधीची, त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. पैसे मात्र पूर्ण घेतात!

शिरपूर_शेतकरी: इथेनॉलला नावं ठेवायची नाहीत. आमचा मका तिकडे जातो म्हणून भावाला जरा आधार आहे. तुमचे ६ टक्के गेले तर एवढी बोंब, आमचं अख्खं पीक पावसात गेलं तेव्हा कोणी धागा काढला होता?

चोपडा_एक्सप्रेस: मी पण शेतकऱ्याचाच पोरगा आहे, मला शिकवू नका. मार्केटला मका नेला की भाव पाडूनच मागतात. मधला पैसा कोण खातो ते विचारा, गाडीवाल्याच्या खिशात हात कशाला?

शिरपूर_शेतकरी: मग भांडा ना त्यांच्याशी, इथेनॉल बंद करा म्हणून कशाला ओरडता?

चोपडा_एक्सप्रेस: बंद करा कधी म्हटलं? साधं पेट्रोल पण ठेवा, ज्याला जे पाहिजे ते तो भरेल. आणि ऊर्जा कमी आहे तर दर पण कमी लावा.

शिरपूर_शेतकरी: दराचं पटलं. बाकी नाही.

धुळेकर७: अरे मूळ विषय काय होता? ठीक आहे, पुढच्या खेपेला सुरत ८० ने करतो. पण मागून ट्रॅव्हल्सवाले हॉर्न मारून जीव नकोसा करतात त्याचं काय?

अमळनेरचा_भाऊ: डावी लेन धर, जाऊ दे त्यांना पुढे. आणि भरताना जाता-येता एकच पंप ठेव, नाहीतर येऊन परत ई२० वर ढकलशील.