युनिटमध्ये आत्महत्या-प्रतिबंधाचं प्रशिक्षण: धर्मगुरूने नेमकं काय शिकवावं?

देवळालीकर:
नाशिक रोड, देवळाली भागातल्या लष्करी युनिट्समध्ये या विषयावर बोलायचं काम बऱ्याचदा धर्मगुरूंकडे येतं. मंदिर परेडनंतर तासभर प्रवचन होतं आणि विषय तिथेच संपतो. समजा अर्धा दिवस मिळाला आणि समोर ३० जवान व एनसीओ (नाईक-हवालदार दर्जाचे) आहेत, तर त्यात काय बसवावं? दुसरं म्हणजे, जवान मन मोकळं करतो ते गुप्त ठेवायचं की सीओ (युनिटप्रमुख) साहेबांच्या कानावर घालायचं?

गोदाकाठ:
रामराम साहेब. ३० च्या वर माणसं घेऊ नका, दोनशे जणांसमोर सराव होत नाही. अमेरिकी सैन्यात शिकवतात ते सूत्र इथेही चालेल: विचारा, काळजी घ्या, सोबत घेऊन जा.

पहिला पाऊण तास खुणांना द्या. रजा नामंजूर होणं, गावाकडे भावकीत जमिनीचा वाद, मोबाइलवरच्या जुगाराचं कर्ज, मोडत आलेला संसार. रिक्रूट असेल तर रेलिगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जाणं. आपलं सामान वाटून टाकणं, बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होणं, या खुणा तर हमखास नजरेतून सुटतात.

उरलेला बहुतेक वेळ जोड्या करून सराव घ्या, कारण चुकतं ते विचारताना. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही साहेब." सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे, उलट बहुतेकांना हायसं वाटतं. जवान हिंदी पट्ट्यातला असेल तर हेच वाक्य हिंदीत, खानदेशी असेल तर अहिराणीतही म्हणवून घ्या. प्रश्नानंतर गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. तिथेच लोक घाईने घरच्यांची आठवण करून देतात किंवा पाप-पुण्य काढतात, आणि समोरचा मिटून जातो.

उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. एकाने जवळ थांबायचं, दुसऱ्याने आरएमओंना (युनिटच्या डॉक्टरांना) कळवायचं. "डॉक्टरांकडे जाऊन ये" म्हणून एकट्याला धाडणं ही घातक चूक. शस्त्र कोतात (शस्त्रागारात) जमा, गार्ड ड्यूटी बंद. पण त्याला चारचौघांतलं दुसरं काम द्या, नाहीतर ही शिक्षाच वाटते.

हवालदार_निवृत्त:
गुप्ततेबद्दल. अमेरिकी चॅप्लिनला (सैन्यातल्या धर्मगुरूला) सांगितलेली गोष्ट तिथल्या लष्करी पुरावा नियम ५०३ ने संरक्षित आहे. आपल्या पुरावा कायद्यात वकील-अशील आणि पती-पत्नी यांना संरक्षण आहे, धर्मगुरूला नाही. म्हणून बोलणं सुरू होतानाच सांगा: "घरचं, मनातलं माझ्यापाशी राहील. जिवाला धोका दिसला तर मात्र आरएमओंना सांगेन, आणि तुला सोबत घेऊनच." आधी शपथ घेऊन मग मोडली, तर पुढे त्या बॅरेकमधला कोणीच तुमच्याकडे येणार नाही.

सीओ साहेबांना धोका आहे एवढं आणि काय व्यवस्था हवी एवढंच कळवा. बायकोशी काय बिनसलं, हे सांगायची गरज नसते. जवान गप्प राहतो त्याचं एक मोठं कारण मेडिकल कॅटेगरी, म्हणजे 'शेप' या आरोग्य-श्रेणीतला मानसिक आरोग्याचा 'एस' घसरण्याची धास्ती. तीवर प्रशिक्षणात उघड बोला. "काही होणार नाही" असं खोटं आश्वासन देऊ नका. आरएमओंना अर्धा तास बोलावून प्रक्रिया त्यांच्याच तोंडून सांगू द्या.

मनमाडकर:
वर एक गोष्ट राहिली: हॉस्पिटलमधून परत आल्यानंतरचे पहिले काही आठवडे. धोका तेव्हा पुन्हा वाढतो आणि युनिटला वाटतं, प्रकरण मिटलं. ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे असा एक बडी (सोबती) नेमा. डिस्चार्जनंतर लगेच रजेवर पाठवत असाल तर एकट्याला गाडीत बसवू नका, घरच्या माणसाच्या हाती सोपवा. घरच्यांना त्याआधीच फोन करून काय लक्षात ठेवायचं ते सांगा, मात्र जवानाला विचारून.

रजेवर असताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) टेली-मानसचा वेगळा कक्ष आहे. प्रशिक्षणात नंबर फळ्यावर लिहून भागत नाही. तिथल्या तिथे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या.

देवळालीकर:
एखादी घटना घडूनच गेली असेल तर शोकसभेत काय बोलावं?

गोदाकाठ:
कसं घडलं, कुठे घडलं, यातलं काहीही नाही. एकच कारण चिकटवू नका, "सुटला बिचारा" तर चुकूनही नको. त्याच्या सेवेबद्दल बोला, आणि त्याच दिवशी त्याच्या सेक्शनमधल्या प्रत्येकाला स्वतंत्र भेटा. रूममेटला सगळ्यात आधी.