वाढत्या वयातील दुःख : पुस्तकातून की गाण्यातून?

प्रश्न (कोथरूड, पुणे): माझ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या आजीचे नुकतेच निधन झाले असून ती कुणाशीही फारसे बोलत नाही. उपदेश न करता तिच्या मनाला सोबत करील असे मराठीत काय वाचावे, काय ऐकावे?

उत्तर १: आपण ‘वनवास’ या कथासंग्रहापासून आरंभ करावा, असे मला मनापासून वाटते. त्यातील प्रकाश नारायण संतांचा लंपन हा मुलगा आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढतो. परंतु लेखक त्याच्या एकटेपणाचे नाव क्वचितच घेतात, ते मुलाने टिपलेल्या आवाजांतून, वासांतून आणि कानडी वळणाच्या बोलीतून आपसूक उमटत राहते. लंपनच्याच ‘शारदा संगीत’ या पुढच्या पुस्तकात तर गाणे शिकणे हाच मोठे होण्याचा एक भाग होतो. ‘श्यामची आई’ अवश्य द्यावे, मात्र त्यातील आईचा मृत्यू लक्षात घेता आताच नको.

उत्तर २: मी जात्यावरच्या ओव्या सुचवीन. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी पुण्यात राहून ग्रामीण महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. माहेर, सासर, मरण, कष्ट यांविषयी स्त्रिया जे कुणाला सांगू शकत नसत, ते पहाटे दळताना गात. जात्याची फेरी लय धरून ठेवी, म्हणून कंठ दाटला तरी ओवी पुरी होई. आजीच्या ओठी एखादी ओवी असे, तर आपण ती मुलीसोबत लिहून काढावी.

प्रश्नकर्ता: आजीची वही कपाटात आहे. आज रात्री आम्ही दोघी ती उघडू.